कागदाची काटकसर आणि श्रावकधर्म
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



अनेक जैन मंदिरांच्या भिंतींवर आणि पाठशाळेच्या पुस्तकांतून षड्लेश्यांचे चित्र आढळते. फळांनी लगडलेले जांभळाचे झाड आणि त्याखाली सहा भुकेलेले वाटसरू. पहिला म्हणतो, झाड मुळापासून उपटू. दुसऱ्याला खोड तोडायचे आहे, तिसऱ्याला मोठ्या फांद्या, चौथ्याला डहाळ्या. पाचवा केवळ फळे तोडू म्हणतो; आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली फळे वेचली तरी सर्वांची भूक भागेल. भूक सहाही जणांची सारखीच आहे. फरक आहे तो ती भागविण्याच्या रीतीत. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंतचा आत्म्याचा प्रवास आचार्यांनी एका झाडाच्या साहाय्याने समजावला, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

आजच्या भाषणाचा विषय कागद हा आहे. कागदाची गरज प्रत्येक घराला आहे आणि ती राहणारच. प्रश्न एवढाच, की ती गरज पहिल्या वाटसरूप्रमाणे भागवायची की सहाव्याप्रमाणे?

शास्त्राची दृष्टी

वनस्पती सजीव आहे, हे जैन दर्शनाने फार प्राचीन काळी सांगितले. वनस्पतिकाय हा एकेंद्रिय जीव होय. गृहस्थाकडून एकेंद्रिय जीवांची हिंसा पूर्णपणे टळू शकत नाही, हे शास्त्रकारांनी जाणले होते. म्हणूनच श्रावकासाठी अनर्थदंड-विरती हे गुणव्रत सांगितले. प्रयोजनासाठी झालेली हिंसा हा अर्थदंड आणि प्रयोजनाविना, केवळ प्रमादाने झालेली हिंसा हा अनर्थदंड. विद्यार्थ्याच्या वहीला प्रयोजन आहे. परंतु पाठकोऱ्या राहिलेल्या वहीची पाने टोपलीत जातात, तेव्हा ते प्रयोजन कुठे उरते?

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि वनकर्म यांचा समावेश आहे. कोळसा पाडण्याचा आणि जंगलतोडीचा धंदा श्रावकाने करू नये, असा हा दंडक आहे. आज समाजातील फारच थोडी कुटुंबे असा धंदा करीत असतील. परंतु ज्या मालाच्या मागणीपोटी जंगल तुटते, त्या मागणीत प्रत्येक घराचा वाटा असतो. कर्म केवळ कुऱ्हाड चालविणाऱ्याला लागते आणि ग्राहकाला लागत नाही, असे म्हणून मोकळे होता येणार नाही.

जंगल ते कागद

आपल्याच राज्यात चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूर येथे कागदाचा मोठा कारखाना उभा राहिला तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूच्या भरवशावर. देशभरात अनेक दशके कागद कारखान्यांना जंगलातील बांबू नाममात्र दराने मिळत असे. जी वस्तू जवळजवळ फुकट मिळते, ती जपून वापरण्याची कोणाला निकड वाटत नाही, हे कोणताही व्यापारी सांगेल.

थोर परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात कर्नाटकातील बांबूच्या ऱ्हासाचा अभ्यास केला. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट आवरण असते. ते काढून टाकल्यास नव्या कोंबांची वाढ सुधारेल, अशी समजूत होती. गावकरी मात्र उलट सांगत होते. पाहणीअंती गावकऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले. आवरण गेले की कोवळे कोंब गुरे आणि वानरे खाऊन टाकीत. बांबूच्या नाशाचा दोष ज्या गावकऱ्यांवर येत होता, तेच त्या बांबूचे खरे जाणकार निघाले.

पुढे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने कारखान्यांना सवलतीच्या दरात वनोपज देण्याची प्रथा बंद व्हावी, असे म्हटले. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढा या गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावरील सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ज्यांचे जंगल, त्यांच्याच हाती त्याची राखण आणि त्याचे मोलही, ही न्यायाची गोष्ट झाली.

आज देशातील कागद कारखाने शेतकऱ्यांनी लावलेले निलगिरी, सुबाभूळ, उसाचे चिपाड आणि फार मोठ्या प्रमाणावर रद्दी वापरतात. इतकी, की परदेशांतून रद्दी आयात करावी लागते. एकीकडे आपल्या घरांतील कागद ओल्या कचऱ्यात कुजतो आणि दुसरीकडे जहाजे भरून परक्या देशांची रद्दी येते. याला कोणता हिशेबनीस शहाणपण म्हणेल?

कागजीपुऱ्याचा वारसा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा हे गाव लागते. वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकाच्या जैन लेण्यांचे दर्शन घेण्यासाठी समाजातील किती तरी कुटुंबे या रस्त्याने जातात. परंतु कागजीपुऱ्यात गाडी थांबविणारे थोडे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली, त्या काळापासून येथे कागद बनतो, असे स्थानिक परंपरा सांगते. दौलताबादी कागद म्हणून हा कागद पुढे प्रसिद्ध झाला.

या कागदाचे वैशिष्ट्य असे, की त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. सुती चिंध्या आणि जुना कागद हा त्याचा कच्चा माल. चिंध्या निवडायच्या, बारीक कापायच्या, भिजवून कुटून त्यांचा लगदा करायचा, तो हौदातील पाण्यात कालवून साच्यावर उचलायचा, पाणी निथळू द्यायचे, दाबून वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा. ज्या कापडाचे अंगावरचे आयुष्य संपले, त्याला ग्रंथाचे आयुष्य मिळते. सहाव्या वाटसरूने खाली पडलेले फळ वेचावे, तशीच ही कारागिरी आहे. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा व्यवसाय आक्रसला आणि आता थोड्याच घरांत तो उरला आहे.

ज्या शहराची ओळख पैठणी आणि हिमरू यांनी घडविली, जेथे कापडाच्या पेढ्या पिढ्यान्पिढ्या चालत आल्या, तेथे सुती कात्रणांना तोटा नाही. शिंपी, तयार कपड्यांचे कारखाने आणि कापड दुकाने यांच्याकडील निव्वळ सुती कात्रण वेगळे ठेवून या कारागिरांपर्यंत पोहोचविले, तर एका दगडात किती तरी कामे साधतील. मात्र पॉलिएस्टर मिसळलेले कात्रण त्यात जाता कामा नये. त्याचा कागद होत नाही.

ज्ञानाची आशातना आणि पत्रिकांचे ढीग

जैन समाजाएवढा कागदाचा मान राखणारा समाज विरळा. पाटण आणि जैसलमेरच्या ज्ञानभांडारांनी ताडपत्रे आणि कागदी पोथ्या शतकानुशतके सांभाळल्या. ज्ञानपंचमीला आणि श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा होते. अक्षर उमटलेल्या कागदावर पाय पडू नये, त्यावर अन्न ठेवू नये, तशाने ज्ञानाची आशातना होते, हा संस्कार घराघरांत बालपणीच होतो.

आणि याच समाजात पत्रिकांचे प्रमाण किती वाढले आहे, याचा विचार व्हावा. लग्नाची पत्रिका चार पानांवरून पेटीवर गेली. चातुर्मास प्रवेश, तपश्चर्येचे पारणे, प्रतिष्ठा महोत्सव, प्रत्येकाची बहुरंगी पत्रिका निघते आणि त्यावर तीर्थंकर भगवंतांचे व गुरुभगवंतांचे चित्र छापलेले असते. कार्यक्रम संपल्यावर तिचे काय करावे? रद्दीत द्यावी, तर भगवंतांच्या चित्राची पुडी बांधली जाईल. ठेवावी, तर कपाटे भरतात. मग कोणी विहिरीत, कोणी नदीत सोडतो आणि तेथे अप्काय जीवांची विराधना होते. भक्तीपोटी छापलेली वस्तूच आशातनेचे निमित्त ठरते.

एका पत्रिकेचे वजन शंभर ग्रॅम धरले आणि पाचशे पत्रिका छापल्या, तर पन्नास किलो कागद झाला. लाकडापासून पांढराशुभ्र कागद करताना लाकडाचा निम्म्याहून अधिक भाग लगद्यात उतरतच नाही. म्हणजे या पन्नास किलोंमागे शंभर किलोंहून अधिक लाकूड आले. शिवाय सोनेरी वर्ख, प्लास्टिकचा थर, मखमल आणि खडे लावलेल्या पत्रिकेचा पुनर्वापर जवळजवळ अशक्य होतो. निमंत्रण मात्र पोस्टकार्डावरही तेवढेच पोहोचले असते.

संवत्सरीनंतरच्या क्षमापना पत्रिकांचेही तसेच आहे. मिच्छामि दुक्कडं हे हृदयातून म्हणावयाचे आहे. ज्याच्याशी वर्षभर अबोला आहे, त्याच्या घरी जाऊन हात जोडण्याऐवजी छापील पत्रिका धाडणे सोपे जाते, एवढेच.

घर, दुकान आणि शहर

पुनर्वापर उत्तमच, पण त्यालाही पाणी, इंधन आणि रसायने लागतात. शिवाय कागदाचा तंतू दर वेळी आखूड होत जातो आणि पाच-सात फेऱ्यांनंतर निकामी होतो. म्हणून क्रम असा असावा : आधी गरज कमी करणे, मग तोच कागद पुन्हा वापरणे आणि अखेरीस रद्दीत देणे.

रद्दी कोरडी असेल तरच ती संपत्ती असते. तेलकट किंवा खरकट्याने भिजलेला कागद एका गठ्ठ्याचा नाश करतो. ही गोष्ट या शहराने फार कडू अनुभवातून शिकली. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसलेल्या कचरा डेपोला विरोध करून गाड्या अडविल्या आणि शहरभर कचऱ्याचे ढीग साचले. शहराचा मिसळलेला कचरा आपल्या उशाशी कुजू द्यायला ते तयार नव्हते, यात त्यांचे काय चुकले? २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याचे बंधन घातलेच होते. त्या दिवसांनी त्याचा अर्थ समजावला.

त्याच वर्षी मार्च महिन्यात राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि अनेक दुकाने कागदी पिशव्यांकडे वळली. परंतु एकदा वापरून टाकलेली कागदी पिशवीही झाडावरच उभी असते. वर्षानुवर्षे टिकणारी कापडी पिशवी हाच खरा पर्याय. कापडाच्या दुकानांनी ताग्यांचे पुठ्ठे आणि साड्यांचे खोके परत वापरावेत. छापील बिलाऐवजी ग्राहकाच्या संमतीने मोबाईलवर बिल द्यावे. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीवर रसायनाचा लेप असल्याने ती रद्दीतही मिसळू नये. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. ती व अन्य कायद्यांची मुदत संपल्यावर जुन्या वह्या माळ्यावर वाळवीला न देता लगद्यासाठी द्याव्यात. वहीपूजन एका वहीचेही होते. लक्ष्मी वह्यांची संख्या मोजत नाही.

आणि रद्दी वेचणाऱ्या माउलींचे स्मरण ठेवावे. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि या कष्टाला प्रतिष्ठा मिळू लागली. खरकट्यात हात घालून कागद शोधावा लागू नये, एवढी सोय प्रत्येक घराने केली, तरी ती मोठी अनुकंपा ठरेल.

सुवर्णमहोत्सवी संकल्प

या मंगल वर्षात संस्थेने आणि समाजाने पुढील संकल्प करावेत, ही नम्र विनंती.

१. कोणत्याही पत्रिकेवर भगवंतांचे किंवा गुरुभगवंतांचे चित्र छापू नये.
२. धार्मिक कार्यक्रमाची सूचना फलकावर आणि मोबाईलवर द्यावी. छापील प्रत केवळ ज्येष्ठांसाठी असावी.
३. साचलेल्या जुन्या पत्रिकांसाठी मंदिर व स्थानकात स्वतंत्र पेटी ठेवावी आणि गुरुभगवंतांच्या मार्गदर्शनानुसार त्यांचा आदराने लगदा करून घ्यावा.
४. पाठशाळेतील बालकांच्या उरलेल्या कोऱ्या पानांच्या वह्या बांधून त्या गरजू विद्यार्थ्यांना द्याव्यात.
५. मानपत्रे व आभारपत्रे कागजीपुऱ्याच्या हातकागदावर करावीत.
६. ही स्मरणिका घरटी एकच घ्यावी आणि वाचून शेजारच्या घरी द्यावी.

मराठवाड्यात जंगल मुळातच तोकडे आहे. कन्नडजवळचे गौताळा अभयारण्य सोडले, तर या जिल्ह्यात दाट झाडी शोधावी लागते. दुष्काळाचे चटके या भूमीइतके कोणाला ठाऊक? येथील माणसाने झाडाची किंमत इतरांकडून शिकावी, अशी वेळ येऊ नये.

पंधरा कर्मादानांचा त्याग हे व्रत आहे. परंतु पाठकोरा कागद वापरणे, रद्दी कोरडी ठेवणे आणि एक पत्रिका कमी छापणे यासाठी कोणतेही व्रत घ्यावे लागत नाही, केवळ जागरूकता लागते. तिलाच शास्त्रकारांनी अप्रमाद म्हटले आहे.

जय जिनेन्द्र!