दुसऱ्याचे नाव, आपला माल

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमचा भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी पूर्वापार ओळखला जातो. लग्नात आहेर म्हणून दिलेल्या गुंडावर, परातीवर देणाऱ्याचे नाव कोरून घ्यायची रीत आपल्याकडे घरोघर होती. कार्यप्रसंगी दहा घरची भांडी एकत्र आली, तरी नावावरून ज्याची त्याला परत जात. बाजारातही नावाचे काम तेच असते. वस्तू कोणाची, याची ग्वाही नाव देते. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरीही धंद्यात मी ते विसरलो. ते कसे घडले आणि त्यातून कायद्याची कोणती गोष्ट कळली, हे आज सांगणार आहे.

भंडाऱ्यात आमचे छोटे दुकान आहे. वडील स्टोव्ह दुरुस्त करीत. मी कुकर, मिक्सर आणि त्यांचे सुटे भाग यांवर आलो. कुकरची रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, मिक्सरचे कपलर, जारची पाती असा सगळा किरकोळ माल. दुकानात येणारे गिऱ्हाईक जुनी रिंग पिशवीतून काढते. मी ती नव्या रिंगवर ठेवून पाहतो, बसली तर देतो. कंपनीची हवी की साधी, हे तोंडी विचारतो आणि दोन्हींचे भाव सांगतो. फसवणुकीला तिथे जागाच नसते.

काही वर्षांपूर्वी मुलाच्या आग्रहाने हाच माल इंटरनेटवर विकायला काढला. तिथे गिऱ्हाइकाच्या हातात जुनी रिंग नसते, त्याला फक्त आपल्या कुकरचे नाव ठाऊक असते. तो तेच टाइप करतो. म्हणून आम्ही मालाच्या शीर्षकात एका नामांकित कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत टाकले. शेजारी तिच्या जाहिरातीतला फोटो लावला, बोधचिन्हासकट. ‘ब्रँड’ या रकान्यातही तेच नाव भरले. रिंग मात्र दुसऱ्याच एका लहान कारखान्याची होती आणि त्याचे नाव पानावर कुठेच नव्हते. माल वाईट नव्हता. विक्री झपाट्याने वाढली आणि मी खुशीत होतो.

एके दिवशी साकोलीहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, “भाऊ, रिंग बसली, वाफही गळत नाही. पण मी कंपनीची समजून घेतली होती. पाकिटावर नाव दुसरंच निघालं. तसं आधी लिहायचं होतं जी.” आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. पैसे परत देतो म्हटले, तर त्या नको म्हणाल्या. त्यानंतर महिनाभरातच आमची सगळी पाने संकेतस्थळावरून काढली गेली, येणे रक्कम अडकली आणि कंपनीच्या वकिलांची नोटीस हातात पडली. दिवाळीच्या तोंडावर भरलेला माल घरात पडून राहिला.

मी भंडाऱ्याच्या न्यायालयात काम करणाऱ्या एका वकीलसाहेबांकडे गेलो. माझा पहिला प्रश्न होता, “दुसऱ्याच्या कुकरला बसणारी रिंग विकणे हा गुन्हा आहे काय?” ते म्हणाले, “मुळीच नाही. रिंग विका, कोणत्या कुकरला बसते तेही सांगा. पण सांगण्याची एक रीत आहे.”

आपल्याकडे व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. नोंदणी केलेले नाव दुसऱ्याने आपल्या मालासाठी वापरू नये, असे तो सांगतो. पण त्याच्या कलम ३० मध्ये सुट्या भागांसाठी एक दार उघडे ठेवले आहे. आपला भाग अमुक यंत्राला बसतो हे कळवण्यासाठी त्या यंत्राचे नाव घेणे वाजवीरीत्या आवश्यक असेल, तर ते घेता येते. अट अशी की, आपल्या मालाचा त्या कंपनीशी नसलेला संबंध दाखवण्याचा हेतू नसावा आणि परिणामही तसा होऊ नये. ‘परिणामही’ हा शब्द महत्त्वाचा. मनात पाप नव्हते, एवढे म्हणून भागत नाही. साकोलीच्या बाई गैरसमजात पडल्या, हाच तो परिणाम.

वकीलसाहेबांनी मग आमच्याच धंद्यातला एक खटला सांगितला. हॉकिन्स ही मुंबईची कुकर कंपनी. मुरुगन एंटरप्रायझेस हा व्यवसाय ‘मयूर’ या आपल्या नावाने रिंगा विकत असे आणि पाकिटावर ‘हॉकिन्स कुकरसाठी योग्य’ अशा अर्थाचा मजकूर छापत असे. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एकल न्यायाधीशांनी कंपनीचा दावा फेटाळला. पण २०१२ मध्ये खंडपीठाने तो निकाल फिरवला. न्यायालयाचे म्हणणे असे की, ही रिंग त्या एकाच कंपनीच्या कुकरसाठी बनलेली नाही, ती इतर कुकरनाही बसते. मग त्या एका नावाची गरज काय? शिवाय पाकिटावर ‘हॉकिन्स’ हा शब्द बाकी मजकुरातून उठून नजरेत भरेल असा छापला होता.

खरे सांगतो, धंद्यातल्या माणसाला हा निकाल पचायला थोडा जड जातो. आत बसणाऱ्या झाकणाची रिंग वेगळी, बाहेरून बसणाऱ्याची वेगळी. गिऱ्हाईक तर नावानेच विचारते. पण विचार केल्यावर त्यातले मर्म कळले. जिथे लिटर, व्यास आणि झाकणाचा प्रकार सांगून काम भागते, तिथे नावाचा आधार कमीत कमी घ्यावा. उलट मिक्सरचे कपलर एखाद्याच कंपनीच्या ठरावीक मॉडेलला बसत असेल, तर ते नाव घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळणार कसे? तिथे नावाची गरज स्पष्ट असते.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. युरोपात जिलेट कंपनीने फिनलंडमधल्या एका व्यवसायावर दावा केला होता. त्या व्यवसायाच्या दाढीच्या पात्यांवर, ही पाती जिलेटच्याही दांड्याला बसतात, अशी चिठ्ठी होती. युरोपीय न्यायालयाने १७ मार्च २००५ रोजी दिलेल्या निकालाचे सार असे : ती माहिती लोकांना नीट आणि पुरेशी देण्याचा व्यवहारात दुसरा मार्ग नसेल, तर नाव घेता येते. मात्र दोन्हींमध्ये व्यापारी संबंध आहे असे भासवू नये, त्या नावाच्या लौकिकाचा गैरफायदा घेऊ नये, त्या नावाची नालस्ती करू नये आणि आपला माल म्हणजे त्या मालाची नक्कल, असेही मांडू नये.

ही दारे उघडी राहणे गिऱ्हाइकाच्याच हिताचे आहे. सुटा भाग फक्त मूळ कंपनीनेच विकायचा ठरवला, तर भाव तिच्याच हातात राहील. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला, तो सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्याबद्दलच होता. तेव्हा लहान दुकानदाराने घाबरून धंदा सोडू नये.

तर मग लिहावे कसे? मी आता काय करतो ते सांगतो. प्रथम, रिंग बनवणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत. ‘ब्रँड’च्या रकान्यात तेच नाव. नंतर माप आणि झाकणाचा प्रकार. आवश्यक असेल तेथेच ‘अमुक मॉडेलला बसते’ हे साध्या, सारख्याच अक्षरांत. त्याखाली स्पष्ट वाक्य : ‘हा भाग त्या कंपनीने बनवलेला नाही व तिच्याशी आमचा संबंध नाही.’ फोटो आमच्या मालाचा, आम्हीच काढलेला. बोधचिन्ह, त्यांचा रंग, त्यांचे वळण यांना हात लावायचा नाही. ‘ओरिजिनल’, ‘जेन्युइन’ हे शब्द दुसऱ्याच्या नावाशेजारी नकोत. दुकानाच्या नावात त्यांचे नाव नको. शोधात वर यावे म्हणून दहा कंपन्यांची नावे गुपचूप भरणेही नको. आणि एवढे सगळे पाळले की कवच मिळाले, असेही नाही. न्यायालय सगळे पान एकत्र पाहते. वर ठळक नाव आणि खाली बारीक खुलासा, ही चलाखी चालत नाही.

एक गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. रिंगवरच किंवा पाकिटावर दुसऱ्याचा शिक्का मारून ती त्याची म्हणून विकणे, ही सरळ बनावटगिरी. त्यासाठी कलम १०३ व १०४ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कुकरची रिंग वाफेचा दाब पेलते, तिच्याशी स्वयंपाकघरातल्या माणसाचा जीव बांधलेला आहे. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ हे इथे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

नोटीस आलीच, तर ती खणात टाकू नये. वादातली पाने उतरवावीत, खरेदीची बिले जपावीत आणि वकिलामार्फत मुदतीत उत्तर द्यावे. कायद्याच्या कलम १४२ मध्ये निराधार धमकीविरुद्ध दाद मागण्याची सोयही आहे. पण नोंदणीकृत मालकाने वेळ न दवडता रीतसर दावा लावला, की ती वाट बंद होते. माझ्या बाबतीत धमकी निराधार नव्हतीच. मी चूक मान्य करून लेखी हमी दिली आणि सगळी पाने नव्याने लिहिली. प्रकरण तिथेच मिटले.

विक्री आज पूर्वीइतकी नाही. मोठ्या नावाच्या शोधात आमचे पान बरेच खाली दिसते. मुलगा अधूनमधून कुरकुरतो. तेव्हा मी त्याला साकोलीच्या बाईंची आठवण करून देतो. त्यांना नवा मजकूर मी मुद्दाम फोनवर वाचून दाखवला होता. त्या म्हणाल्या, “आता समजतं जी. असंच असू द्या.”