अतिसार आणि शिक्षक



पावसाळ्यात हजेरीपटावर गैरहजेरी वाढते, तिचे एक कारण अतिसार होय. दिवसातून तीन वा अधिक वेळा पातळ शौचास होणे म्हणजे अतिसार. दूषित पाणी, उघडे अन्न व न धुतलेले हात यांवाटे रोगजंतू पोटात जातात. आव-रक्त पडू लागल्यास, किंवा जुलाब चौदा दिवस रेंगाळल्यास, दवाखानाच गाठावा.

परंतु मूल दगावते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने. डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश पूर्ववत होते. अशा वेळी पोटाला विसावा म्हणून पाणी तोडणाऱ्या आजीबाई अजूनही आहेत. त्यांची माया खरी, उपाय मात्र घातक. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडताच डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे पाणी पाजविले. मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्याही खाली आले.

आजची जलसंजीवनी त्याच तत्त्वावर आहे. एक लिटरची पुडी अर्ध्या तांब्यात कालवू नये. पालकसभेत ती मापून करून दाखवावी, आणि आजीबाईंना पुढच्या रांगेत बसवावे.