जखमेतील माशी आणि जनुकांची कात्री
(कार्ले येथे पशुपालकांपुढे केलेले भाषण)



मावळात भाताची चिखलणी सुरू झाली की बैलाच्या खांद्याला जू लागते, खुराजवळ खरचटते. जखम नखाएवढी, म्हणून कामाच्या गडबडीत आपण ती सोडून देतो. तीन-चार दिवसांनी जनावर पाय झाडू लागते, घाण वास येतो, आणि पाहावे तर जखमेत किडे!

यांतील सर्वांत घातक किडे म्हणजे क्रायसोमिया बेझियाना या माशीच्या अळ्या होत. त्या कुजके नव्हे, जिवंत मांस खातात. मादी जखमेच्या कडेला एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते. दिवसभरात ती उबतात, आणि आठवडाभर मांस पोखरल्यावर अळ्या मातीत पडून कोषात जातात.

अमेरिका खंडात हिच्याच कुळातील दुसरी माशी आहे. तिची मादी बहुधा एकदाच नराशी संग करते. डॉ. निपलिंग यांनी नेमके हेच हेरले. किरणांनी वंध्य केलेले नर भरपूर सोडले, तर मादीची अंडी फुकट जातात. १९५४ साली क्युरासाओ बेटावर हा उपाय यशस्वी झाला. १९८८ साली ही माशी लिबियात शिरली, तीही याच उपायाने १९९२ पर्यंत संपविली. मात्र २०२३ पासून पनामाचा अडसर ओलांडून ती उत्तरेकडे सरकली व २०२४ अखेर मेक्सिकोत पुन्हा आढळली.

या पद्धतीत नरांबरोबर माद्याही पोसाव्या लागतात. तेवढे खाद्य वाया जाते. येथे जनुकांची कात्री उपयोगी पडेल, असे शास्त्रज्ञांना वाटते. २०१९ साली त्यांनी या माशीतील मादीपण ठरविणारे जनुक कापून दाखविले. तशा माद्यांत नराची लक्षणे दिसू लागली. उद्या कारखान्यात केवळ नरच वाढविता येतील, अशी त्यामागची आशा आहे.

मग आपल्याकडे कधी? घाई करू नये, असे माझे मत आहे. आपली माशी वेगळ्या जातीची. शिवाय माशीला गावाची शीव नसते. एकट्या कार्ल्यात नर सोडून भागणार नाही. आपल्या राज्यात २०१७ साली जालना जिल्ह्यातील दावलवाडीस जनुक बदललेल्या डासांची चाचणी सुरू झाली, तीही बंद पिंजऱ्यांत. डासांचे हे, तर गुरांच्या माशीचे काय सांगावे!

मघाशी एका बंधूंनी गोचिडांविषयी विचारले. गोचीड कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. हरणांवरील एका गोचिडात जनुक बदलण्याचे काम अमेरिकेत २०२२ साली जमले, परंतु ते प्रयोगशाळेपुरतेच.

तोवर पावसाळ्यात रोज सायंकाळी जनावरावरून हात फिरवावा. खांदा, खूर, शिंगाचे मूळ व शेपटीखालची जागा पाहावी. वासराच्या नाळेस जन्मताच टिंक्चर आयोडीन लावावे. किडे दिसल्यास टर्पेंटाईनचा बोळा जखमेत ठेवावा, वर आलेल्या अळ्या चिमट्याने काढून जाळाव्यात, आणि जखम खोल असल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे. काढलेल्या अळ्या गोठ्यातच टाकू नयेत. आठवड्याभरात त्यांच्याच माश्या होऊन शेजारच्या म्हशीवर बसतात.