मागच्या रांगेतले चेहरे



आठवीत आपलं समूहगीत मुंबई दूरदर्शनवर लागलं, तेव्हा शेजारच्या काकांनी ते व्हीसीआरवर टेप केलं होतं. त्या एकुलत्या कॅसेटवरून मी वीस मिनिटं कॉम्प्युटरवर उतरवली. डीव्ही फाइल झाली सव्वाचार जीबीची!

ग्रुपवर पाठवायला म्हणून ती दाबून दाबून सोळा एमबीची केली. पाहते तर पुढची रांग ओळखू येते, मागे नुसते चौकोन. उंच म्हणून मला कायम मागे उभं करायचे, म्हणजे गेले मीच! कॉम्प्रेशन बारीक तपशील आधी टाकून देतं. इंजिनिअर असून मी फक्त आकडा पाहिला होता.

मग नीट बसले. डीव्हीत प्रत्येक चित्र स्वतंत्र असतं, म्हणून व्हर्च्युअलडबमध्ये पुन्हा कॉम्प्रेस न करता आजूबाजूच्या जाहिराती कापल्या. नंतर हँडब्रेकमध्ये एच.२६४ निवडलं, क्वालिटी १८ ठेवली. तिथे आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं. हलत्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसत होते, ते डीइंटरलेसने गेले. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट.

आता सहा मिनिटांचं गाणं सव्वाशे एमबीचं आहे. ग्रुपवर टाकणार नाही, पेनड्राइव्हवर घ्या. मूळ फाइलही दोन ठिकाणी जपली आहे.

बाई, मागून डावीकडची तिसरी मी. आता दिसते.