वेड, व्यसन आणि शुश्रूषा



आपल्या उपनगरांत, विशेषतः घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात, कोणी विसंगत बोलू लागला म्हणजे 'ह्याला ठाण्याला पाठवा' असे थट्टेने म्हणण्याची चाल फार जुनी आहे. मुलुंडच्या पुढचे स्टेशन ठाणे, आणि ठाण्यास १९०१ सालापासून मनोरुग्णालय. तेव्हा थट्टेला भूगोलाचा आधार आहे खरा. परंतु तिच्यात अशी एक समजूत दडलेली आहे की, वेडाचा रुग्ण दूर कोठे तरी भिंतीआड असतो. वस्तुतः तो बहुधा आपल्याच मजल्यावर, आईच्या देखरेखीखाली असतो. त्याच मजल्यावर दुसरा कोणी 'पिणारा' म्हणून ओळखला जातो. पहिला कीव करण्याजोगा आणि दुसरा शिक्षेस पात्र, अशी वाटणी आपण करून मोकळे झालेलो आहो. पुष्कळदा ही दोन माणसे नसून एकच माणूस असतो, हे मला आज सांगावयाचे आहे.

माझी पुतणी परिचारिका आहे व मनोरुग्णांच्या शुश्रूषेत तिची कित्येक वर्षे गेली आहेत. मी स्वतः शाळामास्तर. वैद्यकाशी माझा संबंध नाही. पण पुढे जे सांगणार आहे ते तिच्याशी वारंवार झालेल्या बोलण्यातून आणि थोड्या वाचनातून आलेले आहे.

प्रथम भास आणि भ्रम ह्यांतील भेद पाहू. समोर काही नसता दिसणे, कोणी बोलत नसता ऐकू येणे, हा भास. शेजारी आपल्या अन्नात विष घालतात अशी, पुराव्याने न ढळणारी खात्री, हा भ्रम. छिन्नमनस्कतेत, म्हणजे ज्याला आता घरोघरी स्किझोफ्रेनिया म्हणतात त्या विकारात, ही दोन्ही आढळतात, आणि जगात सुमारे ३०० माणसांमागे एकास तो विकार असतो. परंतु मद्य, गांजा, किंवा अलीकडे तरुणांत शिरलेली 'एम. डी.' नावाची पूड ह्यांनीही भास व भ्रम उत्पन्न होतात. ही पूड, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावी लागली. आपल्या जुन्या वैद्यांस हा भेद ठाऊक होता. चरकसंहितेत उन्माद आणि मदात्यय ह्यांस निरनिराळे अध्याय आहेत. घरच्या माणसांस मात्र दोन्ही सारखीच दिसतात.

घाटकोपरच्या एका चाळीतली हकिकत ऐका. वर्षानुवर्षे नित्य पिणाऱ्या एका गृहस्थाची दारू घरच्यांनी निश्चयाने बंद केली आणि त्याला खोलीत अडकवून ठेवले. दुसऱ्या दिवशी हात कापू लागले. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागला; आपण कोठे आहो, वार कोणता, हे त्याला सांगता येईना. कोणी म्हणाले वेड लागले, कोणी म्हणाले बाहेरचे आहे. शेजारच्या परिचारिकेने येऊन नाडी पाहिली. ती धावत होती, अंग घामाने भिजले होते व ताप होता. हा वेडाचा झटका नव्हे, दारू एकाएकी सुटल्याने होणारा सन्निपात आहे, हे ओळखून तिने त्याला तत्काळ रुग्णालयात हलविले. हा सन्निपात साधारणतः शेवटच्या पेल्यानंतर दोन ते चार दिवसांत येतो, त्याच्या आधी आकडीही येऊ शकते, आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. तेथे त्याला झोपेची योग्य औषधे मिळालीच, शिवाय ग्लुकोज चढविण्यापूर्वी थायामिन हे जीवनसत्त्व टोचले गेले. कारण दारूने ते शरीरातून आटलेले असते आणि नुसत्या साखरेने मेंदूस कायमची इजा होण्याचा संभव असतो. पुष्कळ दिवस पिणाऱ्याची दारू वैद्यास विचारल्यावाचून घरात एकदम तोडू नये, हे ह्यावरून दिसून येईल.

आता उलट बाजू. एक कारकून, संध्याकाळी दोन पेले घेणारा. दारूनेच ह्याचे डोके फिरले, असे सारे म्हणत. वॉर्डात तो कित्येक आठवडे गप्प होता. एके रात्री पाण्याचा पेला देणाऱ्या परिचारिकेस त्याने आपण होऊन सांगितले की, कॉलेजात असल्यापासून दोन माणसे आपल्या प्रत्येक कृतीवर टीका करताना ऐकू येतात आणि दारू घेतली की ती जरा दूर जातात. ह्या माणसास नुसते 'पिणे सोड' म्हणणे म्हणजे त्याची एकुलती एक ढाल काढून घेणे होय. ढाल वाईट होती, विकार वाढविणारीही होती, हे मान्य. पण आधी काय आले, हे कोणी तरी विचारावयास नको काय? अशा रुग्णास व्यसनमुक्तीच्या दारावर 'आधी वेड बरे करा' आणि दुसऱ्या दारावर 'आधी दारू सोडा' असे ऐकावे लागते, ही ह्या विषयातील सर्वांत मोठी शोकांतिका मला वाटते.

परिचारिकेची नजर किती बारीक लागते ह्याचे एक उदाहरण देतो. विडी-सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापिन व ओलान्झापिन ही मनोविकाराची औषधे शरीरातून लवकर निघून जातात. वॉर्डात धूम्रपान थांबले की तीच मात्रा जड होते व रुग्ण पेंगू लागतो. घरी जाऊन त्याने पुन्हा विडी धरली की औषध अपुरे पडते. तेव्हा विड्या किती, हा प्रश्न उपदेशासाठी नसून औषधासाठी असतो.

लोकलच्या डब्यांत 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी पत्रके चिकटविलेली आपण पाहतो. त्या पुड्यांत काय असते ते विकणाराच जाणे. दारू सोडविण्यास दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध पोटात असता मद्य घेतले, तर उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम उतरणे, प्रसंगी मृत्यू, हे सारे संभवते. शिवाय ज्यास मनोविकृती आहे त्याची विकृती त्याने बळावू शकते. ते रुग्णास सांगून, त्याच्या संमतीने व वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. आणि ज्याला आधीच अन्नात विष घालतात असे वाटते, त्याच्या आमटीत आपण खरोखरच काही कालविले, तर त्याच्या भ्रमास दोष कसा द्यावा?

१९५२ साली पॅरिसमध्ये देले आणि देनिकेर ह्यांनी क्लोरप्रोमझिन हे औषध मनोरुग्णांवर वापरून त्याचा गुण दाखविला. त्याच वर्षी अमेरिकेत हिल्डेगार्ड पेप्लॉ ह्या परिचारिकेचा ग्रंथ निघाला. परिचारिका आणि रुग्ण ह्यांच्यातला संबंध हाच उपचाराचा भाग आहे, असे तिचे प्रतिपादन होते. पहिल्या गोष्टीचा बोलबाला झाला, दुसरीचा आमच्याकडे फारसा नाही. भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याला होही म्हणू नये. 'तुला आवाज येतो हे मी मानतो; मला तो येत नाही; तुला भीती वाटत असेल,' एवढेच शांतपणे म्हणावे. एका वेळी एकानेच बोलावे. अंगावर ओणवू नये, न विचारता हात लावू नये, दाराची वाट अडवू नये. सन्निपातात असलेल्याच्या खोलीत रात्री दिवा ठेवावा, घड्याळ व दिनदर्शिका दिसेल अशी असावी.

घरच्या बोलण्याचा परिणाम तर मोजलेला आहे. व्हॉन आणि लेफ ह्यांनी १९७६ साली लंडनमध्ये दाखविले की, सतत टीका करणाऱ्या घरी परतलेला रुग्ण पुन्हा आजारी पडण्याचा संभव अधिक, आणि अशा नातलगांच्या सहवासात आठवड्यास ३५ तासांहून अधिक काळ गेला तर तो आणखी वाढतो. लंडनच्या घरांत हा हिशेब मांडता येईल. आमच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात सहवासाचे तास कोठून कमी करणार? टीका तेवढी कमी करता येते. आणि दुपारी दोन तास त्या आईस कोणी मोकळे केले, तर तिचेही टाके शिवले जातील. औषध गालात धरून ठेवले आहे काय, झोप किती झाली, हे सारे ती एकटी पाहत असते.

कायद्याने मात्र ती जुनी वाटणी मोडलेली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोवस्था मानसिक आजारांत धरल्या, आणि रुग्णास साखळीने बांधणे सर्वस्वी निषिद्ध केले. त्याही आधी, १९८६ साली पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी गर्दच्या व्यसनींसाठी 'मुक्तांगण' सुरू केले, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात.

ज्या घरात अशी चिन्हे दिसत असतील त्या घराने एक साधी वही ठेवावी. भास प्रथम केव्हा दिसले, पिणे केव्हा सुरू झाले, शेवटचा पेला कोणत्या दिवशी व किती वाजता, विड्या किती, झोप किती तास, औषधे कोणती. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा दिवसरात्र चालू आहे व तेथे मराठीत बोलता येते. मात्र ताप, आकडी किंवा तिथिवाराचे भान सुटणे ह्यांपैकी काही दिसले, तर दूरध्वनीवर वेळ न दवडता रुग्णास सरळ जवळच्या रुग्णालयात न्यावे, आणि वही बरोबर घ्यावी.