टाकी भरते, पण राहत नाही

श्रीखंड्या होऊन देवानं बारा वर्षं नाथांघरी कावडीनं पाणी वाहिलं, ही कथा आपण सगळे ऐकत आलो. नाथषष्ठीच्या सोहळ्यात पैठणला तो रांजण आजही भरतात. आता बघा, जे पाणी देवानं खांद्यावर वाहिलं, ते मी गटारात सोडत होतो. कसं, ते सांगतो.

माझ्या घरी संडासाच्या फ्लशची टाकी रात्रंदिवस झुळझुळायची. मी म्हणायचो, असू दे. एका रात्री आई उठून बसली. म्हणाली, "दुष्काळात एका हंड्यासाठी विहिरीवर रात्र काढलीय रे मी. हा आवाज ऐकून झोप येत नाही."

सकाळी टाकीचा कॉक बंद करून पाहिलं. तासाभरात दहा लिटरची टाकी रिकामी! म्हणजे दिवसाला 240 लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरा, सोळा हंडे! आणि मी गावोगाव पाण्याचं मोल सांगत फिरतोय.

मग झाकण काढलं. पाणी उभ्या ओव्हरफ्लो नळीत पडत असेल, तर फ्लोट थोडा खाली घ्यायचा. तसं नव्हतं. टाकीत कपड्याची नीळ टाकली, फ्लश न करता थांबलो. थोड्या वेळानं भांड्यात निळं पाणी उतरलं. रोग तळाच्या रबरात होता. कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, रबर काढलं. ते कडक झालेलं, आणि ते बसतं त्या कडेवर क्षाराचा थर. कड घासून पुसली, नवं रबर बसवलं. आवाज थांबला. काम अर्ध्या तासाचं. माझं 'असू दे' तीन महिन्यांचं!

माउली, आपलंही असंच आहे. वारी केली, पारायण केलं, वरून भरतच असतो. तळाशी मात्र अहंकाराचा बारीकसा थर, आणि सगळं गळून जातं. भरणं थांबवू नका. पण एकदा झाकण उघडून तळ बघा.

आणि हो, घरी गेल्यावर खरी टाकीही बघा. त्या रात्री माझी आई शांत झोपली. मला त्या दिवशीचं कीर्तन पावलं.

रामकृष्ण हरी!