मार्कशीटबाहेरचे यश

(भोपाळ येथे २०२५ च्या गणेशोत्सवातील गुणगौरव समारंभात एका निवृत्त विज्ञान शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)





दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आत्ताच झाला. टक्के वाचले गेले, टाळ्या झाल्या. समितीने मला विषय दिला आहे तो मात्र ‘विद्यार्थ्यांचे वर्गाबाहेरचे यश’. चिटणीसांनी फोनवर बजावले आहे, “मॅडम, वीस मिनिटे, आणि आरतीच्या आत संपवा.” तेव्हा प्रस्तावना करीत बसत नाही.

वर्गाबाहेरचे यश म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पदक येते. याच महिन्यात, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये, मुंबईत खगोलशास्त्राचे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड झाले. देशोदेशींची मुले आली होती आणि आपल्या मुलांनी चार सुवर्ण व एक रौप्य मिळवले. ही परंपरा तशी जुनी आहे. गणिताच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताचा संघ १९८९ पासून जातो, भौतिकशास्त्रात १९९८ पासून. विज्ञान विषयांची निवड आणि तयारी मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र करते. नोव्हेंबरच्या सुमारास पहिली लेखी परीक्षा, त्यातून निवडलेल्यांची दुसरी, मग मानखुर्दला शिबिर, आणि शेवटी भौतिकशास्त्रात अवघी पाच मुले. पहिल्या परीक्षेला हजारो बसतात, हे लक्षात घ्या.

पालकांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाला असतात. समोर साहित्य ठेवतात, पाच तास देतात आणि म्हणतात, मोजा. गाइडमधला प्रयोग नव्हे. मुलाने तो आधी कधी पाहिलेलाच नसतो. आपल्याकडे बारावीच्या प्रात्यक्षिकाची वही कशी भरली जाते ते इथल्या सर्वांना माहीत आहे, मी शिक्षिका होते, मला जास्तच माहीत आहे. तरीही आपली मुले तिथे पदके आणतात, याचे श्रेय मी त्या शिबिरातल्या प्रयोगशाळेला देते.

पण मला आज बोलायचे आहे ते या पाचांबद्दल नाही. शिडी निमुळती असते. वरच्या पायरीवर पाचच उभे राहू शकतात. उरलेल्यांसाठी काय? पूर्वी राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा होती. १९६३ साली सुरू झालेली, आपल्यापैकी कितीतरी घरांत तिचे प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेले आहे. ती २०२१ नंतर थांबली. अजूनही लोक मला विचारतात, “एनटीएसईची तयारी कधीपासून करावी?” मी म्हणते, आधी परीक्षा तर असू द्या!

ज्या गोष्टीत सामान्य मुलालाही दार उघडे असते ती म्हणजे राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. तिचे मूळ आपल्या मध्य प्रदेशातले, ग्वाल्हेरचे. तिथल्या विज्ञान केंद्राने १९८८ मध्ये हा प्रयोग केला आणि १९९३ पासून तो देशभर गेला. जानेवारी २०२५ मध्ये तर एकतिसावी परिषद आपल्याच भोपाळात, रवींद्र भवनात भरली होती. आपल्या कॉलनीतले किती जण मुलांना घेऊन बघायला गेले? हात वर करू नका, उगाच पंचाईत होईल.

तिचा नियम साधा आहे. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला एक प्रश्न घ्यायचा, मोजमाप करायचे, नोंदवही ठेवायची, अहवाल लिहायचा आणि परीक्षकांपुढे आठ मिनिटे बोलायचे. आधी जिल्हा, मग राज्य, मग देश. विकत आणलेले मॉडेल चालत नाही. भाषा कुठलीही भारतीय चालते. आमच्या मुलांनी हिंदीत लिहिले. मराठीतही लिहिता आले असते, पण ती आपसांतसुद्धा “यार, पानी तो गंदा है” असेच बोलतात, तर आग्रह कुणाला करणार!

ही आमची मुले म्हणजे २०१७ सालची पिपलानीतली दोघे, नववीतली एक मुलगी आणि तिचा वर्गमित्र. शाळेत मी त्यांची मॅडम, कॉलनीत काकू. त्यांचा प्रश्न असा: हथाईखेडा धरणावर आपण गणपती विसर्जन करतो, त्याने पाण्याचे नेमके काय होते?

हा प्रश्न कानावर पडताच एका घरातल्या आजी माझ्याकडे आल्या. “तुम्ही मुलांना बाप्पात दोष काढायला शिकवता?” मी म्हटले, आजी, बाप्पा ज्या पाण्यात जातो ते पाणी कसे आहे एवढेच बघतोय. पुढे याच आजी दर वेळी बाटल्या धुऊन द्यायला लागल्या.

पाण्याचा गढूळपणा मोजायला मुलांनी तबकडी केली. १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरूने वापरलेली ही युक्ती आहे. डब्याचे जुने झाकण घेतले, चार भाग करून एकाआड एक काळे-पांढरे रंगवले, खाली वजन आणि वर गाठी मारलेली दोरी. तबकडी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. खर्च जवळपास शून्य. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत काढला. बुडबुडा न येऊ देता बाटली भरणे हेच त्यातले खरे कौशल्य. पहिल्या आठवड्यात निम्म्या बाटल्या फुकट गेल्या. शेवटी तो निळा रंग एका थेंबात नाहीसा होताना दोघांनी पाहिला आणि मुलगा म्हणाला, “मॅडम, फिर से करें?” नोकरीतले असे दिवस मला बोटांवर मोजता येतील.

मुलीने पहिल्याच दिवशी हट्ट धरला होता की जिथे विसर्जन होत नाही अशा लांबच्या काठावरूनही पाणी घ्यायचे. मुलगा कंटाळला, कारण तिथे चिखलातून जावे लागे. जिल्ह्याच्या फेरीत परीक्षकांनी नेमके तेच विचारले: “भाद्रपदात पाऊसही असतो. पाणी मूर्तींमुळेच गढूळ झाले, पावसाने नाही, हे कशावरून?” मुलीने वही उघडून दोन्ही काठांचे आकडे शेजारी शेजारी दाखवले. पावसाने दोन्हीकडे फरक पडला होता, पण घाटाजवळ तो जास्त होता आणि जास्त दिवस टिकला होता. परीक्षक हसले आणि वही मागून घेऊन चाळत बसले.

पाण्याची आम्लता मात्र फारशी बदललेली नव्हती. मुलांची निराशा झाली. इंटरनेटवर त्यांनी भयंकर काहीतरी वाचले होते आणि तेच निघावे अशी त्यांची इच्छा होती. मुलगा म्हणाला, हा तक्ता गाळून टाकू. आम्ही तो गाळला नाही. अहवालात तो तिसऱ्या पानावर आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा हिशेब त्यांनी घरी बादलीत केला. शाडूचा तुकडा रात्रीत विरघळला, प्लास्टरचा तसाच राहिला. पुस्तक उघडले तर कळले की एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. मग त्रैराशिक मांडले: पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला किमान दोन हजार लिटर पाणी हवे, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या, तेही नीट ढवळत राहिले तर. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर उपाय सुचवला आहे. बेकरीत वापरतात तो अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालून मूर्ती त्यात ठेवायची. खाली चुन्यासारखा साका बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, जे खत आहे. मुलांनी बादलीत करून पाहिले. बुडबुडे आले, वासही आला, आणि मुलाच्या आईने बादली जिन्याखाली हलवायला लावली.

जोडी राज्य फेरीसाठी निवडली गेली. त्याच आठवड्यात मुलीच्या कोचिंगची टेस्ट होती. बॅच त्या टेस्टवर ठरणार होती. वडिलांनी मला घरी बोलावून, चहा देऊन, अगदी नम्रपणे सांगितले की ती येणार नाही. मुलगा एकटाच गेला. तिथे उत्तेजन मिळाले, पुढची फेरी नाही.

त्या वडिलांना मी दोष देत नाही आणि तुम्हीही देऊ नये. आपले वडील-आजोबा १९५६ नंतर, इथे हेवी इलेक्ट्रिकल्स उभे राहत असताना, गाव सोडून आले. मागे शेतीचा वाटा सुटला, इथे वाडा नाही, ओळखीपाळखी नाहीत. शिक्षण हीच काय ती जमीन. त्या माणसाने मुलीच्या नावावर ती जमीन करायचे ठरवले तर चुकले काय? मला फक्त एवढेच विचारावेसे वाटले होते की टेस्ट पुन्हा होते, तो दोन काठांचा तक्ता तिच्याऐवजी दुसरे कोण समजावून सांगणार? विचारले नाही. बापाच्या घरात बसून ते विचारायचे नसते.

मुलीचे पुढे काही बिघडले नाही, हेही सांगायला हवे. यंदा ती इंजिनिअर झाली. जूनमध्ये तिचा फोन आला. म्हणाली, “काकू, मुलाखतीत विचारलं, स्वतः केलेलं एखादं काम सांगा. मी कॉलेजचा प्रोजेक्ट नाही सांगितला, हथाईखेडा सांगितलं.” मग तिने विचारले, ती वही अजून आहे का. आहे. माझ्याकडेच आहे, आजींच्या हळदीच्या डागासकट.

आता मंडळाकडे मागणे. आपल्याकडे निवृत्त इंजिनिअर किती आहेत, मोजा. ज्यांनी टर्बाइन आणि ट्रान्सफॉर्मर तपासण्यात हयात घालवली ते सकाळी बगिच्यात पेन्शनच्या व्याजावर वाद घालतात. त्यांना मोजायला येते. मंडळाची खोली रविवारी सकाळी रिकामी असते. मला तिथे आठवी ते अकरावीची मुले हवीत, कोचिंगसाठी नव्हे. फी नाही, प्रमाणपत्रही नाही. ऑलिम्पियाडला बसायचे असेल त्यांनी शाळेत आत्ताच चौकशी करावी, नोंदणी याच दिवसांत असते. त्यांना मी रसायनशास्त्रात मदत करीन. बालविज्ञानवाल्यांनी प्रश्न स्वतःचा आणावा. कॉलनीतल्या भटक्या कुत्र्यांची गणती, पाण्याच्या टाकीतली गळती, गच्चीवरचे तापमान, काहीही चालेल.

आणि सुरुवात याच उत्सवात करू. विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळी सातला हथाईखेड्याला जायचे आहे. नंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा, दोन्ही काठांवर. पालकांपैकी कुणीतरी सोबत यावे, काठ निसरडा असतो. तबकडी माझ्याकडे तयार आहे. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्या घरून आणाव्यात, लोणच्याच्या असतील तर नीट धुऊन. नावे आरतीनंतर चिटणीसांकडे द्या.